बाराव्या मिनिटाचं टेंगूळ

नमुने पोचवणारे काका नेमके रजेवर, म्हणून ती स्वतःच कुपी घेऊन तपासणी विभागात गेली. दोन वर्षं तिचे नमुने तपासणारा, फोनवर "झालं, पाठवलंय" एवढंच बोलणारा तो, तिच्याकडे बघतच राहिला.

"कुप्यांवर सातचं शेपूट लांब ओढणाऱ्या... तुम्हीच?"

"तुम्ही नमुने तपासता की अक्षर?" ती म्हणाली. गडी कानापर्यंत लाल झाला!

खरं तर तिला थट्टा सुचायची ही वेळ नव्हती. चार वाजता बैठक होती. तीन वर्षं रक्त आटवून बनवलेलं तिचं औषध शुद्ध निघालं तर पुढच्या चाचण्यांना जाणार, नाहीतर कायमचं कपाटात.

त्यानं घाईघाईनं कुपी यंत्रात ठेवली. पडद्यावर रेघ सरकू लागली. नवव्या मिनिटाला तिच्या औषधाचं उंच शिखर उमटलं. हुश्श! आणि बाराव्या मिनिटाला... बारीकसं टेंगूळ.

"भेसळ आहे," तो हळूच म्हणाला.

"शक्यच नाही! आणि एवढुसं तर आहे. नाही दिसलं म्हणा ना..."

"दिसलंय हो. उद्या कुणीतरी आजारी माणूस गिळणार आहे ते."

तिला त्याचा संताप आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला. डोळे भरून यायच्या आत ती दाराकडे वळली.

"थांबा!" तो नोंदवही उघडून बसला होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. "यंत्र स्वच्छ आहे ना, हे बघायला आधी औषध न घालता नुसता द्रावक चालवतो मी. रोज. आज... राहिलाच."

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. द्रावक यंत्रात गेला. ती परत येऊन पडद्यापुढं उभी राहिली. नववं मिनिट सपाट गेलं. दहा... अकरा... आणि बाराव्याला तेच टेंगूळ! घाण यंत्रातच होती, तिच्या औषधात नव्हती.

त्यानं यंत्र धुतलं, नमुना पुन्हा चालवला. या खेपेला एकच शिखर. ती स्टुलावर मटकन बसली आणि चक्क रडली.

पावणेचार. त्यानं नोंदवही पुढं ओढली. "चूक लिहावी लागते. कारणासकट." बराच वेळ पेन नुसतंच हातात धरून मग त्यानं लिहिलं: 'नमुना घेऊन आलेल्या व्यक्तीकडे लक्ष होतं.'

"अहो, साहेब वाचतील!"

"वाचू देत. खोटं कसं लिहू?"

तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. खाली रकाना होता, 'चूक पुन्हा होऊ नये म्हणून उपाय'. तिनं भरभर लिहिलं: 'नमुने काकाच आणतील. सदर व्यक्ती सहा वाजता फाटकापाशी भेटेल.'

अहवाल उचलून ती बैठकीकडे पळाली. मागं स्टूल आडवं झाल्याचा आवाज आला.

"या वहीत खाडाखोड चालत नाही हं!" ती पळता पळताच ओरडली.