फुटलेल्या लाटेचा ताप

उखाची नोकरी वाचली. पण हे मी सांगितलंच नाही असं समजा, कारण मोहीम ठरली तेव्हा ती धोक्यातही नव्हती.

मोहिमेचा हेतू थोर होता. समुद्राचा ताप घ्यायचा! आमचा मित्र धम्मपाल कोसाड वस्तीतला. रात्री कापडाचा लूम चालवून दिवसा बी.एस्सी. करणारा. त्याचं म्हणणं असं की शांत समुद्राच्या अंगावर कागदाहून पातळ, किंचित गार कातडी असते, कारण वारा वरची ऊब पळवतो. लाट फुटली की कातडी फाटते, खालचं कोमट पाणी वर येतं, आणि बघता बघता नवी कातडी धरते. कॉलेजातले सर म्हणाले, "आकडा आण."

आकड्यासाठी आमच्यातल्या तिसऱ्याने, उखाने, यंत्र आणलं. तो रंगाईच्या कारखान्यात हौदावर. लांबून कापडावर नेम धरला की ताप सांगणारी गन त्याने तिथल्या रंगमास्तरांच्या कपाटातून आणली. न विचारता. दुपारी मास्तर कपाट उघडणार. गन जागेवर नसली, तर उखाही जागेवर नसणार.

रात्रपाळी उतरून आम्ही तिघं तसेच हजीऱ्याच्या किनाऱ्याला गेलो. माझं काम आकडे लिहायचं. होडीवाला गणपत टंडेल आमची तोंडं बघून म्हणाला, "भाई, दर्यात जायचं की दवाखान्यात?"

आम्ही एकमेकांना धरून होडीत चढलो.

शांत पाण्याचे आकडे घेता घेता ऊन चढलं. सगळे आकडे कोमट! गार कातडी कुठेच सापडेना. धम्मपालचा चेहरा उतरला. मी पेंगत मागे पाहिलं, तर उखा प्रत्येक वेळी गन रोखायच्या आधी वल्ह्याने समुद्र ढवळत होता. डोळे मिटून.

"उखा! काय करतोस?"

"ढवयाशिवाय ताप लेतस का कोठे, भाऊ? मास्तर जीव ली!"

म्हणजे हौदातला रंग ढवळूनच ताप घ्यायच्या त्याच्या सवयीने आम्ही सकाळभर कातडी स्वतःच फाडत होतो. धम्मपाल ओरडला नाही. ओरडायलाही ताकद लागते. त्याने वल्हं काढून घेतलं, न ढवळता एक आकडा घेतला. गार! चक्क गार!

आता फक्त एक फुटलेली लाट हवी होती.

"टंडेल, तिकडे घ्या!"

तेवढ्यात भरतीचं पाणी उसळलं. होडी उभी राहिली. आपटली. पाणी आत! उखाने साडी भरायच्या प्लास्टिक पिशवीत गन कोंबली आणि पोटाशी धरली. शेजारीच लाट फुटली. पांढरी, भलीमोठी, हाताच्या अंतरावर!

धम्मपालने पिशवीसकट नेम धरला.

"किती?" मी ओरडलो.

"पिशवीचा ताप येतोय! पिशवी काढावी लागेल!"

उखा पिशवीकडे नुसता बघत राहिला. मागून दुसरी लाट उठत होती.

धम्मपालने पिशवीला गाठ मारली. एक नाही, दोन.

"टंडेल, परत चला."

दुसरी लाट आमच्या डोक्यावर फुटली. कोमट होती! मी शपथेवर सांगतो. पण सरांना डोक्याचा आकडा चालत नाही.

दुपारी गन कपाटात होती, कोरडी. उखा हौदावर होता, ओला.

तरी संबंधित समुद्रास विनंती की, येत्या सुट्टीच्या दिवशी गुडघ्याएवढी एक लाट किनाऱ्यालगत फोडावी व आमचे काम होईपर्यंत ती फुटलेल्या अवस्थेतच ठेवावी. कळावे.