उमेदवाराशेजारची जागा

‘प्रचारकांनी बेल वाजवू नये. सकाळी कामात असतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी भेटायची इच्छा नसते.’

दारावरची पाटी दीपमालानं नीट वाचली आणि दारावर टकटक केली.

“वाचता येत नाही का?” दार उघडणाऱ्या तरुणानं हेडफोन गळ्यात ओढत विचारलं.

“येतं ना. बेल वाजवली का मी?”

तो पाहतच राहिला... आणि मग खुदकन हसला. कॉलवर कोणीतरी त्याला हाका मारत होतं, पण शुभंकरचं लक्ष आता तिकडे नव्हतं.

दीपमाला वारज्यातून महापालिकेला अपक्ष उभी होती. एरवी ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. निम्म्या वॉर्डाला तिचा हलका हात ठाऊक होता. ती तृतीयपंथी आहे, हेही ठाऊक होतं. सुई टोचताना कोणाची हरकत नसायची, मत मागायला गेली की मात्र माणसं छताकडे बघायला लागायची. हा पठ्ठ्या छताकडे बघत नव्हता.

“निवडून आलात तर पाण्याचं काय करणार?”

“हे टँकर कोणाचे, ते भर सभेत विचारणार.”

“डेंजर आहात!”

“मत द्या, म्हणजे तुमच्या बाजूनं डेंजर होईन.”

मत त्यानं कबूल केलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मात्र स्वारी तिच्या प्रचाराच्या खोलीवर हजर! तो तिची भाषणं लिहायला लागला. तिनं वाक्य खोडलं की रुसायचा, आणि तेच वाक्य परत घातलं की कॉलर ताठ करून फिरायचा. दीपमाला मुद्दाम खोडायची, हे वेगळं सांगायला नको.

“पोरगा गोड आहे गं,” तिची मैत्रीण हिरा एकदा म्हणाली. “पण पदयात्रेत कधी दिसत नाही. पायात काटा मोडलाय का त्याच्या?”

दीपमालानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग एकदा सभेनंतर दोघं कोथरूडच्या अमृततुल्यात चहा पीत होते. थंडी मस्त पडली होती. त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं आणि तिथेच राहिलं.

“दीपमाला... मला तुम्ही आवडता. म्हणजे— उमेदवार म्हणून नाही.”

“उमेदवार म्हणून नाही? मग आवडून उपयोग काय?” ती म्हणाली खरी, पण गाल तापले होते. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला, “काय शुभंकर, इकडे कुठे?” त्याच्या सोसायटीतले दिगंबरकाका!

शुभंकरचा हात झटक्यात मागे गेला. “या... या लॅबच्या मॅडम. आईचे रिपोर्ट विचारत होतो.”

काका गेले. दीपमालानं अर्धा कप खाली ठेवला.

“रागावलात?”

“नाही, दुखलं. दारामागे प्रेम करणारे मला पुष्कळ भेटले, शुभंकर. रस्त्यात ओळख देणारा एक भेटला नाही. लोकांनी मला दिवसाउजेडी बघावं म्हणून तर मी उभी राहिले. तुमच्यासाठी पुन्हा लपायला नाही जमणार मला.”

त्यानंतर तो खोलीवर फिरकला नाही. भाषणं तिची तीच लिहू लागली. टाळ्या पडायच्या, पण नजर मागच्या खुर्च्यांवरून फिरून रिकामीच परत यायची.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी पदयात्रा त्याच्या सोसायटीच्या गेटवर पोचली. अध्यक्षा शैलाताई तबक घेऊन उभ्या होत्या— शुभंकरच्या आई. मागे दिगंबरकाकाही होते. येईल त्या उमेदवाराला त्या ओवाळायच्या आणि मत कोणाला, ते कोणालाच सांगायच्या नाहीत. दीपमाला समोर उभी राहिली. मान वर करायचीही तिला भीती वाटत होती.

इतक्यात जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरलं आणि गर्दीत घुसून तिच्या अगदी शेजारी येऊन उभं राहिलं. शुभंकर! श्वास फुललेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“तू काय मधेच?” शैलाताई म्हणाल्या.

“मधे नाही, शेजारी.” त्यानं सगळ्यांदेखत दीपमालाचा हात धरला. “काका, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझं हिच्यावर प्रेम आहे. आई... दोघांना ओवाळ.”

दिगंबरकाका खरोखरच आभाळाकडे बघू लागले. दीपमालाच्या हातातला हात मात्र या वेळी सुटला नाही. शैलाताईंनी मुलाला नखशिखान्त न्याहाळलं. मग तिला.

“अक्कल आहे का?” त्या म्हणाल्या. “उघड्या डोक्यानं ओवाळून घेतात का कोणी? डोकं झाक आधी.”

दीपमालानं गळ्यातलं प्रचाराचं उपरणं काढलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं. शैलाताईंनी आधी तिला कुंकू लावलं, मग त्याला, आणि भर रस्त्यात दोघांना एकत्र ओवाळलं. दीपमालाला रडू फुटलं. तिनं ते मुळीच लपवलं नाही.