न वाजलेला भोंगा

डोंगर खाली आला त्या दिवशी धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. का वाजला नाही, हे सोंडेवाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा माणसं दरडीखाली गेली. त्यांत बारा वर्षांच्या मुक्ता धनावडेचे वडीलही होते. दोन महिने मुक्ता घुम्यासारखी बसून राहिली. मग एका सकाळी उठली आणि तडक टेकडीवरच्या दरड-निरीक्षण केंद्रात गेली.

साल २०५८. डोंगराच्या पोटात शेकडो संवेदक (मातीची हालचाल टिपणारी उपकरणं) बसवलेले होते. त्यांची देखरेख वसुधा कोलते या वृद्ध भूशास्त्रज्ञ एकट्या करत.

"आजी, तुमचा संगणक बिघडला होता का?" मुक्तानं दारातूनच विचारलं.

"नाही गं," वसुधाआजी म्हणाल्या. "तो जागा होता. उत्तराची वाट बघत होता."

मुक्ताला काहीच उमगेना. आजींनी तिला खुर्ची दिली.

"या संगणकात दोन कार्यप्रणाली (संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या यंत्रणा) आहेत. एक संवेदक बनवणाऱ्यांची. संवेदक तपासायला तीच लागते. दुसरी लिनक्स. दरडीचा अंदाज बांधून भोंगा वाजवते ती. दोघी एका वेळी चालत नाहीत. म्हणून वीज आली की सर्वांत आधी बूट लोडर नावाचा छोटासा प्रोग्राम उठतो. पडद्यावर दोन्ही नावं दाखवतो आणि विचारतो, कोणाला उठवू?"

"आणि उत्तर द्यायला कोणी नसलं तर?"

"ठरलेले सेकंद मोजून स्वतःच एकीला उठवतो." आजींनी चष्मा काढला. "ती मुदत मी काढून टाकली होती. मी चहा ठेवायला गेले की नको ती प्रणाली सुरू व्हायची. म्हटलं, थांबू दे मी येईपर्यंत. त्या दिवशी मी तालुक्याला गेले, इकडे वीज गेली आणि आली. तो चार तास नुसता थांबून राहिला."

मुक्ता ताडकन उठली.

"हे कोणाला सांगितलंत?"

"चौकशी समितीला लिहून दिलंय. तुमच्या घरची पायरी चढायचं धाडस नाही झालं."

मुक्ता दारापर्यंत गेली. खाली अर्ध्या वाडीच्या जागी लाल मातीचा ओघळ दिसत होता. मग वळून म्हणाली, "आणि आता?"

"आता नवा बूट लोडर निवडायचाय. एक मोठा आहे. कुठल्याही डिस्कवरच्या प्रणाली हुडकून काढतो, हवं तसं सजवता येतो. पण त्याची मांडणी गुंतागुंतीची, चूक झाली तर शोधताना जीव जातो. दुसरा अगदी साधा. त्याला सगळं एका ठरलेल्या कप्प्यात ठेवलेलं लागतं. एका प्रणालीसाठी चार ओळींची एक चिठ्ठी, ती कोणालाही वाचता येते."

"आपल्या दोन्ही प्रणाली त्या कप्प्यात मावतील?"

"मावतील."

"मग साधा घ्या. तुम्ही नसताना मलाही वाचता आला पाहिजे." मुक्तानं पडद्याकडे बोट दाखवलं. "पण लिनक्सच उठली नाही तर?"

आजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "तीही सोय आहे. तो फसलेले प्रयत्न मोजतो. तीनदा फसलं की लिनक्सची आधीची, नीट चालणारी आवृत्ती उठवतो."

दुपारपर्यंत दोघींनी चिठ्ठ्या लिहिल्या. मुदत पाच सेकंद, आपोआप उठणारी प्रणाली लिनक्स. मग वस्तीत फोनवरून चाचणीची कल्पना दिली, आणि मुक्तानं मुख्य बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं. कोणी कशालाही हात लावला नाही.

पाच. चार. तीन. दोन. एक.

लिनक्स उठली. मिनिटाभरात तिनं संवेदक वाचले आणि चाचणीचा भोंगा दिला. अख्खी दरी त्या आवाजानं भरली. बाबांना ऐकू यायला हवा होता तो हा आवाज. मुक्ताला रडू कोसळलं.

"बंद करू का गं?" आजींनी विचारलं.

"नको. पुरता वाजू दे."

भोंगा थांबल्यावर तिनं डोळे पुसले. "असा संगणक आणखी कुठे आहे?"

"पलीकडच्या डोंगरावर सात केंद्रं आहेत. तिथली मुदत कोणी तपासलेली नाही."

"मग उद्या सकाळच्या गाडीनं निघू," मुक्ता म्हणाली. "पण आधी घरी चला. आईला हे तुम्हीच सांगा."

आजींनी काठी घेतली. उतार निसरडा होता. मुक्तानं त्यांचा हात धरला.