कागदावरचा जखमी

रडार उडवायचं होतं. म्हणजे खरोखर नाही. त्याच्या गाडीवर पिवळ्या रंगाच्या फुलीचा एक ठप्पा मारायचा, की ते उडालं असं धरलं जाणार होतं. युद्धसरावच होता तो. खाली खोऱ्यात रणगाडे धुरळा उडवत होते, विमानं खोटे बाँब टाकत होती, आणि वर, जिथे झाडं संपतात त्याच्याही वर, निळ्या बाजूची पाच माणसं तीन दिवस लाल बाजूच्या रडारकडे चालली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत ठप्पा बसला, तर निळ्यांच्या विमानांना खिंड मोकळी. नाही बसला, तर आठ महिन्यांची तयारी पाण्यात!

सहावा माणूस होता पंच. दंडाला पांढरी पट्टी, हातात गुणांची वही. पट्टीवाल्याने बरोबर चालायचं, बघायचं आणि गुण लिहायचे. वाट सांगायची नाही, ओझं उचलायचं नाही, कोणी घसरला तर हात द्यायचा नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्याचे असे अकरा सराव झाले होते आणि एकाही सरावात त्याने नियमाबाहेर तोंड उघडलं नव्हतं. याचा त्याला फार अभिमान होता. बायको म्हणायची, "घरीसुद्धा पट्टी बांधूनच बसता की काय?" त्यावरही तो काही बोलायचा नाही.

तुकडीची प्रमुख एक तरुण लेफ्टनंट होती. सगळे तिला मॅडम म्हणत. ही तिची पहिलीच स्वतंत्र कामगिरी, त्यामुळे ती झोपेतसुद्धा नकाशा उशाशी घ्यायची. तिच्या हाताखाली चौघं. औषधांची पिशवी वागवणारा कंपाउंडर, पाठीवर यंत्र घेतलेला वायरलेसवाला आणि दोन साडू. थोरला साडू पैलवान, बोलायला कंजूष. धाकटा नकल्या. दोन सख्ख्या बहिणी या दोघांना दिलेल्या. सासरच्यांनी नेमक्या दोन टोकांच्या जावयांना कसं शोधून काढलं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक!

नकल्या कुणाचीही नक्कल करायचा. हेलिकॉप्टरची, मॅडमच्या शिंकेची, भाषण देणाऱ्या जनरलची. पंचाच्या गप्प बसण्याची तर तो अशी हुबेहूब नक्कल करी, की पैलवानाला तोंडात रुमाल कोंबावा लागे. पंचाला ते दिसायचं. वहीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तो सोडून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढा आडवा आला. बर्फ वितळून आलेलं पाणी! पाय टाकला की कळ थेट मस्तकात. चौघं दोरी धरून पार झाले. नकल्याचा पाय गोट्यावरून सटकला आणि तो कमरेपर्यंत बुडाला. वर आला तो फुरफुरतच.

"मॅडम, अंघोळ झाली. आता नाश्ता सांगा!"

"चालत राहा, म्हणजे वाळेल," मॅडम म्हणाली. बरोबरच होतं तिचं. चालत्या माणसाच्या अंगावर कपडे वाळतात.

पण दहा वाजता पंचाने खिशातून बंद पाकीट काढलं. सरावात अशी पाकिटं असतात. ठरलेल्या वेळी उघडायची आणि आत लिहिलेलं संकट तुकडीवर घालायचं. त्याने सपाट आवाजात वाचलं, "कागद क्रमांक चार. एक जण कड्यावरून घसरला. उजवी मांडी मोडली. त्याला चालता येत नाही. त्याला बरोबर न्यायचं."

जखमी कोण, हे पंचाने ठरवायचं असतं. पंचाने बोट केलं नकल्याकडे. तो सगळ्यांत हलका होता, हे कारण खरं. चार-पाच तास तरी हा प्राणी आडवा पडेल, हेही मनात आलं होतं, आणि तेव्हा पंचाला बरं वाटलं होतं.

"अरे देवा, माझी मांडी!" नकल्या धाडकन आडवा झाला.

कंपाउंडरने काम चोख केलं. दोन काठ्या, पाच पट्ट्या, मांडीपासून घोट्यापर्यंत पाय आवळून बांधला. पुस्तकात लिहिलेलं असतं की मोडलेलं हाड हलू द्यायचं नाही, कपडे ओढून काढायचे नाहीत. त्याने ओल्या विजारीवरूनच काठ्या बांधल्या. पंचाने वाकून गाठी पाहिल्या आणि पैकीच्या पैकी गुण लिहिले.

मग वरात निघाली! चौघं घडीचं स्ट्रेचर खांद्यावर घेऊन चढणीला लागले, आणि वर नकल्या पडल्यापडल्या मृत्युपत्र सांगू लागला.

"माझा मोबाइल साडूला देऊ नका. त्याला आकडेच दाबता येत नाहीत. बूट द्या, पण आधी त्याला पाय धुवायला लावा."

"तुला असाच दरीत सोडतो बघ," पैलवान धापा टाकत म्हणाला.

तासाभराने नकल्या म्हणाला, "अरे, थंडी वाजतेय रे."

"ऐका! आम्ही घामाने निथळतोय आणि राजेसाहेबांना थंडी!" वायरलेसवाला हसला. सगळेच हसले. पंच हसला नाही. त्याला हसायची परवानगी नव्हती.

बाराच्या सुमाराला घूं घूं आवाज आला. ड्रोन! "आडवे व्हा!" मॅडम ओरडली. पांढऱ्या चादरी ओढून सगळे बर्फात निजले. वीस मिनिटं ते यंत्र डोक्यावर घिरट्या घालत राहिलं. मग पश्चिमेकडून ढग उतरले, समोरचा डोंगर पुसला गेला आणि ड्रोन परत फिरला. मॅडमने सुटकेचा निःश्वास टाकला.

ढगातून बर्फाळ पाऊस सुरू झाला. शेवटची मोठी अडचण होती एक अरुंद घळ, चाळीस फूट उभी. पैलवानाने वर जाऊन खडकाला दोरी बांधली. स्ट्रेचर उभं केलं. नकल्याला छातीशी आणि पायाशी आवळलं.

"ओढा!"

एक फूट. दोन फूट. दहा. दोरी गोठून काठीसारखी ताठ झालेली. अचानक ती पैलवानाच्या हातमोज्यातून सरकली! स्ट्रेचर सरसर खाली आलं, फिरलं, खडकावर आदळलं. पंचाचा हात आपोआप पुढे गेला होता. त्याने तो मागे घेऊन खिशात घातला. पैलवानाने दोरी कमरेला गुंडाळून अंग मागे टाकलं. थांबलं. पुन्हा ओढलं. वर आलं!

एवढं आदळूनही नकल्या ओरडला नव्हता. हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही, पंचाच्याही नाही.

पुढे नकल्याचं बोलणं जड झालं. शब्द तोंडात घोळायला लागले. तो कुठल्यातरी शाळेच्या बाईंशी बोलत होता.

"वा! आता शुद्ध हरपल्याचा प्रवेश," वायरलेसवाला म्हणाला.

पंचाने चालता चालता वहीत लिहिलं: जखमीचा अभिनय, दहापैकी नऊ.

सव्वातीनला ते एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला टेकले. धुकं क्षणभर फाटलं आणि समोर ते दिसलं. एक किलोमीटरवर, बुटक्या सुळक्याखाली, सावकाश फिरणारं रडारचं ताट! शेजारी दोन गाड्या, एक पत्र्याची खोली, तिच्या धुराड्यातून धूर.

"चाळीस मिनिटं," मॅडम कुजबुजली. तिचे डोळे चमकत होते. "डावीकडून ओहोळाने गेलो तर होतंय!"

नकल्या स्ट्रेचरवर हसत होता. मंद, समाधानी हसू. आणि तो सावकाश कोटाची बटणं काढत होता.

"उकडतंय," तो म्हणाला.

"पुरे रे आता," कंपाउंडर म्हणाला, "गुण मिळाले तुला."

पंच वेळ लिहायला लागला आणि त्याला अक्षर नीट काढता येईना. हात थरथरत होता. वायरलेसवाल्याचे दात वाजत होते. मॅडमची हनुवटी, कंपाउंडरचे खांदे, सगळं थरथरत होतं. फक्त नकल्या थरथरत नव्हता. पंचाने त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. थरथरण्याचं सोंग कोणीही करेल. न थरथरण्याचं सोंग कसं करणार?

तरी तो थांबला, हे सांगायला हवं. पंचाने एकदा "खरं आहे" असं म्हटलं की तुकडीचा सराव तिथेच थांबतो, घड्याळ मात्र थांबत नाही. समोर एक किलोमीटर उरलेला. आणि हा नकल्या होता! सोंग निघालं, तर या मुलीची आठ महिन्यांची मेहनत त्याने एका नकलेपायी मातीत घातली असं होणार होतं. पाचेक सेकंद गेले असतील.

"ऊठ," पंच म्हणाला.

सगळ्यांनी दचकून वर पाहिलं. तीन दिवसांत त्यांनी त्याचा आवाज फक्त कागद वाचताना ऐकला होता.

"सराव थांबलाय. ऊठ, उभा राहा."

"हो, बाई," नकल्या म्हणाला आणि हलला नाही.

पंचाने गुडघे टेकले, हातमोजा काढला आणि त्याच्या सदऱ्याखाली हात घातला. पोट गार होतं. जिवंत माणसाचं पोट इतकं गार नसतं! त्याने दंडावरची पट्टी ओरबाडून काढली.

"खरं आहे! हे खरं आहे! सोडा त्याला!"

मॅडमने एकदा रडारकडे पाहिलं. एकदाच. मग ती ओरडली, "तंबूचं कापड अंथरा! काठ्या कापा! कोरडं असेल ते सगळं काढा!"

विजार बर्फाने कडक झाली होती. चाकूने फाडावी लागली. पैलवान धावून साडूचे पाय चोळायला लागला.

"चोळू नकोस!" कंपाउंडरने त्याचे हात धरले. "पायातलं गार रक्त काळजाकडे गेलं तर संपलं. हळू! काचेचा आहे असं समज."

"मी बांधलं रे याला," कंपाउंडर पुटपुटत होता, "ओल्यावरच बांधलं..."

पंचाने पिशवीतली आपली कोरडी लोकरी विजार काढून दिली. दोन झोपायच्या पिशव्या एकात एक घातल्या. वायरलेसवाल्याने यंत्र कानाला लावलं. नुसती खरखर! लाल बाजूने सगळ्या लहरी बुजवून टाकल्या होत्या. मॅडमने मदतीच्या इशाऱ्याचा लाल प्रकाशगोळा उडवला. वर जाऊन तो ढगात गुलाबी झाला आणि विझला. आकाश बघायला तरी कोण बसलं होतं?

"जवळचा डॉक्टर कुठे असेल?" मॅडमने विचारलं.

कंपाउंडरने धुराड्याकडे बोट दाखवलं.

"मग तिथेच. सरळ वाटेने, बॅटऱ्या लावून."

"मॅडम," पंच म्हणाला, "असं गेलात तर पोचलात असं मला धरता येणार नाही."

"माहितीये मला! उचला!"

वायरलेसवाला बॅटरी हलवत, शिट्टी वाजवत पुढे झाला. स्ट्रेचरचा चौथा कोपरा पंचाने खांद्यावर घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदा. ओझं भलतंच जड होतं. हे ओझं आपण सकाळपासून यांच्याकडून वाहवून घेतोय, आणि मागून नुसते चालतोय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

दोनशे पावलांवर खोट्या गोळ्यांचा तडतडाट झाला. "जागचे हलू नका! हात वर!" लाल पट्टीवाले सहा जवान पुढे आले. त्यांच्यामागून त्यांचा दाढीवाला कप्तान.

"झकास युक्ती!" तो हसत म्हणाला. "जखमी घेऊन थेट दारात! पंचसाहेब, कागद क्रमांक किती?"

"कागद नाही. माणूस आहे," पंच म्हणाला. "हात लावून बघा."

कप्तानाने हसतच पिशवीत हात घातला. चटकन बाहेर काढला. हसू गेलं.

"डॉक्टरांना उठवा! स्टोव्ह मोठा करा! पळा!"

पत्र्याच्या खोलीत पैलवान कपडे काढून साडूला कवटाळून पिशवीत शिरला. डॉक्टरांनी काखेत कोमट पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि नाडीवर बोट ठेवून बसले.  पैलवान बोलत होता. जन्मात बोलला नसेल एवढा!

"ऐकतोस ना? घरी दोघी बहिणी आहेत. मी एकट्याने जाऊन काय तोंड दाखवू? मोबाइल मलाच देशील ना? आकडे दाबायला शिकव मला. ए, ऐक की रे!"

चार वाजले. कोणी घड्याळ पाहिलं नाही. साडेचार झाले.

"थरथरला!" पैलवान किंचाळला. "डॉक्टर, थरथरला! थरथर रे बाबा, थरथर!"

नकल्याचे दात कडकडा वाजायला लागले. डॉक्टरांनी मान हलवली, "आता येतोय परत." कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून रडला. पंचाच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

कप्तान मॅडमपाशी आला. "रडार बाहेरच उभं आहे. ठप्पा मारायचा तर मारून या, वेळ चारच्या आतली सांगा. मी बघितलं नाही."

"नको," ती म्हणाली. "आम्ही मदत मागायला आलो होतो."

"तसं खरं सांगायचं, तर शेवटच्या वळणावर तुम्हाला धरणारच होतो. दुपारी ड्रोनने पाहिलं होतं. तुम्ही पाच जण."

"सहा," मॅडम म्हणाली.

"नाही हो. तो कॅमेरा अंगाची ऊब दाखवतो. पाचच दिसले."

 मॅडम वळून नकल्याच्या पायाशी जाऊन बसली.

काळोख पडायच्या आत नकल्या साखरेचं गरम पाणी घोट घोट घ्यायला लागला. पेला पंचाने धरला होता.

"पंचसाहेब," तो पुटपुटला, "किती गुण गेले?"

"कसले गुण?"

"स्ट्रेचरवर तासाभरातच पाय मेल्यासारखे झाले होते. तेव्हाच उठून चालावंसं वाटलं. पण म्हटलं, मोडक्या पायाने उठलो, तर तुम्ही मॅडमचे गुण कापाल." त्याने धाप घेतली. "कापले असते ना?"

खोटं बोलायची सोय होती. सगळे ऐकत होते.

"कापले असते," पंच म्हणाला.

"मग बरं झालं नाही उठलो," नकल्या समाधानाने म्हणाला आणि पेल्याकडे तोंड नेलं. पंचाने दुसरा हात त्याच्या मानेखाली घातला आणि पेला त्याच्या ओठांना लावला.