समोरची पट्टी

सावेडीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या माणसांच्या आणि एक भंगाराची, असं वृषाली आल्यागेल्याला सांगायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. तिचा नवरा तुषार पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा आणि रिकामा वेळ मिळाला की टीव्हीला जोडायचे जुनेपुराणे व्हिडिओ गेम उघडून बसायचा. नव्या खेळांचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. बहात्तर साली अमेरिकेत असलं पहिलं यंत्र बाजारात आलं, त्याला पडद्यावर नुसते पांढरे ठिपके हलवता यायचे. मैदान, जाळी, सगळं पारदर्शक प्लास्टिकवर छापलेलं असायचं, ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं आणि गुण आपले आपण मोजायचे. हे तो इतक्या मायेनं सांगायचा की ऐकणाऱ्याचा चहा गार होऊन जायचा.

दिवाळीनंतर भिंगारमध्ये एक म्हातारा लष्करी अधिकारी वारला आणि त्याच्या घरातलं सामान विकायला निघालं. त्यात तुषारला सत्त्याहत्तर सालचं एक यंत्र मिळालं. पडद्याच्या मधोमध तुटक रेघ, दोन्ही कडांना एकेक उभी पट्टी आणि मध्ये चौकोनी चेंडू, एवढाच खेळ. यंत्रातून दोन वायरी निघालेल्या, प्रत्येकीच्या टोकाला तळहाताएवढी डबी आणि तिच्यावर रेडिओसारखा गोल नॉब. नॉब फिरवला की पट्टी वरखाली. चेंडू पट्टीला लागला की ‘टक्’.

गंमत म्हणजे एक नॉब वापरून वापरून गुळगुळीत झालेला, आणि दुसऱ्याच्या कडेच्या खाचा अगदी नव्याकोऱ्या.

“म्हातारा एकटाच खेळत असणार,” वृषाली म्हणाली.

“एकटा कसा खेळेल? यात समोरचा खेळाडू नसतोच गं. यंत्र आपल्याविरुद्ध खेळायला लागलं ते पुढं. याला दोन माणसं लागतातच.”

त्याच आठवड्यात देवळाली प्रवरेहून फोन आला. तुषारच्या वडिलांना, रंभाजीनानांना, अर्धांगाचा झटका आला होता. नानांची सारी हयात साखर कारखान्यात वायरमन म्हणून गेलेली. जीव वाचला, पाय आठवडाभरात उचलायला लागले, पण उजवा हात गेला. दवाखान्यातून त्यांना सावेडीला आणलं आणि बरोबर भिमाबाई, म्हणजे तुषारची आई, पिठाचे डबे घेऊन आली.

वृषाली फिजिओथेरपिस्ट, तेव्हा घरचाच इलाज. रोज सकाळी ती नानांचा हात आपल्या हातात घ्यायची आणि पेशंटसाठी राखून ठेवलेल्या मऊ आवाजात म्हणायची, “मूठ वळा बघू, नाना.” दोन बोटं वळायची. तीन तशीच राहायची.

नानांना कुणी भरवलेलं चालायचं नाही. डाव्या हातानं चमचा धरून ते निम्मे शेंगोळे अंगावर सांडायचे आणि मग चिडून ताट सरकवायचे. “उजव्या हातानं घास खाल्ला की त्याच दिवशी देवळालीला निघालो,” म्हणायचे. त्यांना दुसरं काही नको होतं.

नॉब फिरवणं हा मनगटाला चांगला व्यायाम, ही कल्पना वृषालीची. तुषारनं जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही काढला, नानांच्या हातात गुळगुळीत नॉब दिला आणि संध्याकाळी समोर बसायला लागला. नाना हरायचे, शिव्या घालायचे, पण बसायचे.

एकदा दुपारी तो कॉलेजातून लवकर घरी आला. दारातच ऐकू आलं, टक्… टक्… टक्. आई खेळतेय वाटतं, असं मनात येऊन त्याला हसू फुटलं. पण भिमाबाई गॅलरीत मेथी निवडत बसली होती.

“तू नव्हतीस होय खेळत?”

“मला काय कळतंय त्यातलं! त्येच खेळत्यात मघापासून. हसत्यात बी, मनाशीच.”

आत नाना एकटे होते. दुसरी डबी टेबलावर पडलेली. आणि पडद्यावर समोरची पट्टी खाली आली, थांबली आणि तिनं चेंडू अलगद परत पाठवला.

“नाना, कोण खेळतंय?”

“काय म्हाईत,” नाना पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “पर लई सबुरीनं खेळतो बग. माज्या पट्टीपाशी आनून सोडतो चेंडू.”

तुषारचं डोकं इलेक्ट्रॉनिक्सचं. साक्षात भूत पुढं उभं राहिलं तरी तो आधी अर्थिंग तपासेल. त्यानं अर्थिंग तपासलं, व्होल्टेज पाहिलं, यंत्र उघडून एकेक सांधा पुन्हा डागला. काही उपयोग झाला नाही. तो समोर बसला की डबी त्याच्या हाताचं ऐकायची, उठला की पट्टी आपली आपण चालायची. शेवटी एका संध्याकाळी खेळ चालू असतानाच त्यानं दुसऱ्या डबीची वायर उपटली. आता पट्टी पडद्याच्या अगदी वर नाहीतर खाली जाऊन चिकटायला हवी होती.

ती जागीच थांबली. मग, त्याचा हात बाजूला होण्याची वाट पाहिल्यासारखी, हळूच चेंडूला सामोरी गेली.

टक्.

तुषारनं हातातलं वायरीचं टोक उलटंपालटं करून पाहिलं.

“जोड परत,” नाना म्हणाले. “उगं आगाऊपना करू नकोस.”

त्यानं मुकाट्यानं जोडली. रात्री जेवताना वृषालीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हात सुधारतोय, तुषार. सध्या मला एवढं बास आहे.” खरं सांगायचं तर त्यालाही बास होतं. थंडीचे ते दिवस घरात फार सुखाचे गेले. दुपारभर आतून टक् टक् आणि नानांचं हसू, बाहेर भिमाबाईची बडबड आणि हुरड्याचा वास. तिसरं बोट वळलं, मग चौथं.

संक्रांतीच्या आसपास नानांनी शेंगोळ्यांचं ताट पुढं ओढलं आणि उजव्या हातानं घास तोंडात घातला. वृषालीनं डोळे पुसले.

“आता काय,” भिमाबाई नाक ओढत म्हणाली, “मीठ कमी म्हनून ताट आपटायला बी मोकळे!”

त्या संध्याकाळी तुषार कौतुकानं नानांचा खेळ बघत बसला. नानांची पट्टी सरसर फिरत होती. समोरची मात्र थरथरत निघायची, अर्ध्यात अडकायची, चेंडू निघून गेल्यावर पोचायची. नाना पहिल्या आठवड्यात अस्सेच खेळायचे.

नानांनी नॉब खाली ठेवला.

“त्येचा हात गेला रं,” ते हळू आवाजात म्हणाले.

रविवारी नाना आणि भिमाबाई देवळालीला निघाले. पिशवी नानांनी उजव्या हातात धरली होती, कुणाला घेऊ देईनात. खाली टेम्पोत बसताना त्यांनी तुषारचं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती.

“त्येला एकटं नको टाकू. घडीभर बसत जा त्येच्यासंगं. माज्यासाटी लई खपलाय बिचारा.”

तुषार हो म्हणाला. बापाला दिलेला शब्द, त्यात मोडायचं काय? स्टाफरूममध्ये सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, एवढंच.

तो रोज बसायला लागला. गुळगुळीत नॉब हातात घ्यायचा आणि चेंडू त्या थरथरत्या पट्टीपाशी अलगद आणून सोडायचा. आधी ती चुकायची. मग एखादा चेंडू परत यायचा. पहिल्यांदा सलग खेळ रंगला तेव्हा तुषार मोठ्यानं “शाब्बास!” म्हणाला आणि स्वतःशीच लाजला. हे कसं होतं, असं विचारणं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. मार्चपर्यंत पट्टी पुन्हा डौलात चालायला लागली. टेबलावरच्या नॉबच्या नव्याकोऱ्या खाचाही थोड्या बोथट झाल्या होत्या. तुषारला इतकं बरं आजवर क्वचितच वाटलं होतं.

मग एका रविवारी नानांचा फोन आला. पुणतांब्याच्या पाहुण्यांकडं जाऊन आले होते, भावकीच्या लग्नात स्वतःच्या हातानं पंगत वाढली होती. फोनवरसुद्धा त्यांचं हसू मावत नव्हतं. तुषार खुशीत गॅलरीत आला. वृषालीनं चहा पुढं केला.

तो घेताना ती बघत राहिली.

“कधीपासून डाव्या हातानं कप धरतोस?”

“डाव्या?” त्यानं खाली पाहिलं. खरंच की. गेल्या आठवड्यात वर्गात दोनदा खडू हातातून पडला होता, तेव्हा त्यानं खडूलाच नावं ठेवली होती.

वृषालीनं आपला कप खाली ठेवला. त्याचा उजवा हात हातात घेतला.

“मूठ वळ बघू, तुषार,” ती म्हणाली. त्याच मऊ आवाजात.

दोन बोटं वळली.

आज अजून त्यानं यंत्र चालू केलं नव्हतं. आतल्या खोलीतून आवाज आला, टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, अगदी सबुरीनं, टक्.