पिस्ता रंगाचं दार

नव्या पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मी आमच्या किचनच्या कपाटाचं दार काखोटीला मारून गेले, तर तिथे आधीच एकजण अगदी तसंच दार घेऊन उभा! तीच तपकिरी सनमायका, तीच ढिली बिजागरी.

"नवीन किचन तुमालाबी परवडंना का?" त्यानं विचारलं.

"परवडतंय की. पण मला रंगवायची हौस हाय," मी ठोकून दिलं.

तो हसला. हसू चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? त्या नादात भिंतीला टेकवलेल्या दोन दारांतलं एक उचललं, पॉलिश पेपर, प्रायमर आणि पिस्ता रंगाचा डबा घेतला आणि रिक्षात बसले.

घरी दार घासलं, प्रायमर मारला, वाळल्यावर रंग दिला. आतली बाजू घासायला उलटं केलं आणि हात थबकला. आत टिकल्याच टिकल्या! मरून, बारक्या, ओळीनं चिकटवलेल्या. तोंड धुताना बायका काढून लावतात ना, तशा.

"आपलं न्हवं हे," आई म्हणाली. "कुणाच्या तरी घरातल्या बाईचं हाय. हात लावू नको."

संध्याकाळी दुकानदाराकडून पत्ता काढून तो आलाच, काखेत आमचं दार घेऊन. नाव नंदीश. पिस्ता रंग पाहून त्याचा चेहराच उतरला.

"आतली बाजू... घासली का?"

मी दार उलटं केलं. तो मटकन खुर्चीत बसला.

"आईच्या हायत. ती गेली तवापासनं बाबा रोज हे दार उघडून बघत्यात. नवीन किचन नको म्हणाले ते याच्यापायीच. बाहेरनं काय बी कर, आत हात लावायचा न्हाय म्हणाले."

मी पॉलिश पेपर बाजूला ठेवला. अजून थोडा वेळ गेला असता तर...

त्यानं डोळे पुसले आणि आमचं दार उलटं केलं. आत मी लहानपणी खिळ्यानं कोरलेलं— 'शिवलीला शहाणी'.

"एवढी शहाणी, आन् दुसऱ्याचं दार पळवलं?"

"तुमी बघत होता की तिथं!"

"बघतच होतो. दाराकडं बघत न्हवतो, एवढंच."

आई खाकरली. मी लाजून लाल झाले.

एक दार पिस्ता झालं म्हटल्यावर त्याच्या किचनमधली बाकीची दारंही पिस्ताच करावी लागली. "रंग तुमचा, मग ब्रशबी तुमीच धरा," म्हणाला. दर रविवारी मी जाऊ लागले. त्याचे बाबा चहा करायचे, कमीच बोलायचे. नंदीश मात्र माझ्या नाकावरचा रंग दाखवायचा आणि पुसायला फडकं द्यायचं विसरायचा.

सगळी दारं बसली त्या दिवशी मी सिंकवर तोंड धुतलं. टिकली बोटावर आली आणि सवयीनं लावायला जागा शोधू लागले. समोर तेच दार.

नंदीशनं ते हळूच उघडलं. "हितं लावा."

"आईंची जागा हाय ती."

"म्हणून तर म्हणतोय... मला तुमी कायमच्या हव्या हायसा, शिवलीला."

"मलाबी," मी म्हणाले. पण टिकली बोटावरच राहिली, कारण मागे चहाचे कप घेऊन बाबा उभे होते.

त्या ओळीकडे बघत त्यांनी कप ओट्यावर ठेवले. मग जवळ आले.

"जरा वर लाव, बाळ," ते म्हणाले. "खाली वाफेनं निघत्यात. तिच्याबी निघायच्या."

मी वर लावली.