एक ठोका म्हणजे वर

"एकट्याने लिफ्टच्या टपावर चढायचं नाही, हे तुम्हाला शिकवलं असेल," म्हातारा मिस्त्री म्हणाला. "का, ते कुणी सांगितलं नसेल."

वर्कशॉपमधला दिवा त्याने स्वतःच बंद केला होता. तिघं नवे कारागीर रिकाम्या खोक्यांवर बसले होते.

"काका, भूत जिन्याने आलं की लिफ्टने?" एकाने विचारलं.

"लिफ्ट बंद होती," म्हातारा म्हणाला. "ऐकायचं तर नीट ऐक. ज्याच्यावर हे गुदरलं, तो माझ्या हाताखाली शिकलाय. दोघा भावांतला धाकटा."

एकोणीस तारीख, गुरुवार. रात्री पावणेअकराला फोन आला. सहा मजली इमारत, लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकलेली. आत कुणी नव्हतं, पण सहाव्यावर पाय मोडलेली एक म्हातारी होती आणि तिला सकाळी आठला दवाखान्यात न्यायचं होतं. धाकट्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"पहाटे जा ना," वहिनी म्हणाली. "आणि कुणाला तरी सोबत घे."

"कुणाला घेऊ? एक होता, तो गेला."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. वहिनीने टॉर्च पुढे केला. "सेल बदललेत," एवढंच म्हणाली.

दादाला जाऊन बावीस दिवस झाले होते. ना ताप, ना दुखणं. सकाळी बेसिनपाशी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. वहिनी आत चहा गाळत होती. धप्प आवाज आला तेव्हा तिला वाटलं, टॉवेलची दांडी पडली. तिने आधी चहा पूर्ण गाळला. तेव्हापासून घरात काहीही पडलं की हातातलं टाकून ती बेसिनकडे धावायची.

धाकट्याचं दुखणं वेगळं होतं.

दोघा भावांची कामाची एक रीत होती. वीज बंद करून धाकटा डब्याच्या टपावर उभा राहायचा आणि दादा गच्चीवरच्या मशिनरूममध्ये. दादा गुडघ्याने ब्रेकचा दांडा रेटायचा आणि दोन्ही हातांनी मोठं लोखंडी चाक फिरवून डबा वितीवितीने सरकवायचा. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीत, फोन लागत नाही, ओरडलं तर शब्द नुसता घुमतो. म्हणून डब्याच्या बाजूने वरपर्यंत गेलेल्या रुळावर पान्याने ठोके द्यायचे. एक म्हणजे वर, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे खाली. आणि ठोके देणार तो टपावरचा. "लटकलाय कोण? तू. मग हुकूम तुझा. मी नुसता ऐकणार," दादा म्हणायचा.

दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी धाकट्याने 'थांब' न देताच चालत्या टपावरून मजल्यावर उडी मारली होती. दादाने चार लोकांत त्याला झापलं. रात्री जिन्यात धाकटा म्हणाला, "यापुढे तुझं तोंड बघणार नाही." सकाळी बघितलं, ते अर्ध्या गालावरच्या साबणासकट.

त्या गुरुवारी तो इमारतीत पोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मशिनरूममध्ये जाऊन त्याने मेन स्विच पाडला, खोलीला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. पाचव्या मजल्याचं दार उघडून टपावर उतरला. बिघाड लगेच सापडला. सहाव्याच्या दाराचा संपर्क, म्हणजे दार लागल्याशिवाय लिफ्ट चालू न देणारा स्विच, जळला होता. पण त्याचा हात तिथवर पोचेना. डबा हातभर वर हवा होता.

आता खरं तर बाहेर पडायचं, गच्चीवर जायचं, चाक फिरवायचं, परत यायचं. पण सात वर्षांची सवय. डोकं दुसरीकडे, हात आपोआप चालला. त्याने पाना उचलला आणि रुळावर एक ठोका दिला.

डबा वर सरकला.

"काका, रिकामा डबा हलका असतो," अंधारातून एक जण म्हणाला. "पलीकडचं वजन जड. आपोआप जाणारच वर."

"जातो. ब्रेक सुटला तर. ब्रेक सोडला कुणी?"



धाकट्याने घाईघाईने दोन ठोके दिले. डबा थांबला. तोच सफाईदार थांबा, हिसका न देणारा. असं थांबवणं एकालाच जमायचं.

"कोण आहे वर?"

शब्द घुमला.

"...दादा?"

काही नाही.

तो पळाला नाही. बावीस दिवस एक वाक्य त्याच्या घशात अडकलं होतं. त्याने मान वर केली. "दादा, त्या रात्री मी जे बोललो..."

टक. टक.

वरून. रूळ त्याच्या हाताखाली थरथरला. वरच्याने कधीच ठोका द्यायचा नसतो.

"नाही, ऐक. मी रागात होतो, मला..."

टक. टक.

"अरे, ऐकून तरी घे..."

टक. टक.

मग धाकट्याचं डोकं फिरलं. बोलू देत नाहीस ना? मग मीच येतो. त्याने एक ठोका दिला. डबा निघाला. दारं खाली सरकत गेली. सहाव्याचंही गेलं. आता वर फक्त छत. त्याने टॉर्च मारला. हात पोचेल एवढं. मग डोक्याला लागेल एवढं. तो वाकला. गुडघ्यावर आला. दोन ठोके द्यायचे, बस. पाना हातात होता.

त्याने दिले नाहीत.

मान खाली. गार सिमेंट पाठीला लागलं. श्वास...

डबा थांबला.

आणि मग तो खाली निघाला. त्याने तीन ठोके दिले नव्हते. कुणीच दिले नव्हते. दादाने आयुष्यात पहिल्यांदा हुकमाशिवाय चाक फिरवलं होतं. डबा सहाव्या मजल्याच्या दाराशी, टप उंबरठ्याला बरोब्बर लागेल असा उभा राहिला.

धाकटा बाहेर पडला आणि जिन्याने वर मशिनरूमकडे धावला. दाराला कुलूप तसंच. किल्ली त्याच्या खिशात. आत कुणी नाही. मेन स्विच पडलेला. त्याने चाकाला हात लावला आणि चटकन काढला. मग वहिनीला फोन केला. "ये," एवढंच म्हणाला.

साडेबाराला ती आली, घरच्याच चपलांवर. त्याने तिला काहीही सांगितलं नाही, नुसता तिचा हात चाकावर ठेवला. लोखंड सगळीकडे गार. फक्त दोन ठिकाणी, दोन पंजे मावतील एवढं, कोमट. तिने दुसरा हात लांबवून दुसऱ्या जागेवर ठेवला. टाचा उंचावाव्या लागल्या.

"पूर्ण गाळून मग आले रे मी," ती चाकाकडे बघून म्हणाली. "धावत यायला हवं होतं."

धाकटा भिंतीला टेकून रडत होता.

म्हातारा थांबला.

"मग?"

"मग काय. सकाळी सातला त्याने मला बोलावलं, संपर्क बदलायला. मी वर गेलो. ती तशीच उभी होती, टाचा उंचावून. म्हटलं, पोरी, हात काढ आता, काम करायचंय. तिने काढले. मी माझे ठेवले."

"गार झालं होतं?"

"नाही," म्हातारा म्हणाला.